पट्ट्यावरच्या बायकांची विहीर

मी, खाली सही करणारी, कोळशाच्या पट्ट्यावरची मुकादम म्हणून सगळी वस्ती जिला ओळखते ती बाई, वयाने म्हातारी, छातीने अधू, डोक्याने ठणठणीत, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवते. कोणी दमदाटी केलेली नाही. गोड बोलून करून घेतलेलं नाही. गोड बोलायला दोघं-तिघं येऊन गेले, त्यांचा चहा झाला, काम झालं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही. वकीलबाई म्हणतात, तरी तसं लिहावं लागतं. लिहिलं.

मी सांगते आणि वकीलबाई लिहितात. मधूनच त्या म्हणतात, "हे वाक्य कायद्यात बसत नाही हो." मी म्हणते, बसत नसेल तर उभं राहू दे. तेव्हा पुढे ज्यांना भांडायचं असेल त्यांनी वकीलबाईंशी भांडू नये. त्यांनी मला पुष्कळ अडवून पाहिलं आहे.

हे सगळं करण्याचं कारण एकच. माझ्या घरामागे विहीर आहे. माझ्यामागे ती कोणाच्या हातात जाते, यावर पट्ट्यावरच्या बायकांची रोजी टिकणार की जाणार ते ठरायचं आहे. बाकी भांडी, कपाट वगैरे ओघाने आलं.

कलम १. माझं राहतं घर, म्हणजे पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि गळक्या पत्र्याची पडवी, माझ्या एकुलत्या एका मुलाला. पत्रा त्याने बदलावा. बदलतो बदलतो म्हणत त्याला टक्कल पडलं. मागच्या भिंतीचा रंग मात्र खरवडू नये. वीजघर चालू होतं तोवर ती भिंत कितीदा रंगवली तरी राखाडीच व्हायची. वीजघर बंद झाल्यावर लावलेला पिवळा रंग अजून पिवळाच आहे. धूर गेला हे चांगलंच झालं, हे मी पूर्ण शुद्धीत सांगते. लोकांना वाटतं मी कोळशाच्या बाजूची. कोळसा अजून माझ्या छातीत बसलाय, मी कशाला त्याची बाजू घेऊ? माझं म्हणणं एवढंच होतं, की चिमणी बंद करताना लोकांच्या चुली कशाला बंद करता?

कलम २. शिलाई मशीन सुनेला. ती म्हणते मला शिवता येत नाही. मलाही येत नव्हतं. लोखंडी कपाटही तिलाच, त्याचा खालचा कप्पा लाथ मारल्याशिवाय उघडत नाही, हे तिला ठाऊक आहे. बँकेत जे काही असेल त्यातून आधी माझा दवाखाना, मग नातीचं शिक्षण. नातीने काय शिकावं हे नातीने ठरवावं. आजीने एवढंच सांगितलं आहे म्हणावं, की असं काहीतरी शीक की उद्या कारखाना बंद झाला तरी ते तुझ्या हातात राहील.

कलम ३. मोठं पातेलं नणंदेला. ते तिच्याकडेच आहे. लेकीच्या लग्नाला म्हणून नेलं होतं, त्या लेकीची लेक आता शाळेत जाते. मी कधी मागितलं नाही आणि तिने कधी विषय काढला नाही. आता कायद्याने तिचं होऊ दे, म्हणजे मला बघायला येताना तिला तोंड चुकवून बसावं लागणार नाही.

कलम ४. घरामागची विहीर, तिची मोटर, पाण्याची टाकी, विहिरीभोवतीची मोकळी जागा आणि रस्त्यापासून तिथपर्यंतची पायवाट. हे कलम लांब आहे. चहा घ्यायचा असेल त्याने आत्ताच घ्यावा.

विहीर आधी. आमचे हे वीजघरात पाणी विभागात होते. बॉयलरला जड पाणी चालत नाही, आत चुन्याचा थर धरतो. तेव्हा यांचा सगळा जन्म पाणी हलकं करण्यात गेला. जागा घ्यायची ठरली तेव्हा हे खिशात साबणाची वडी घेऊन फिरायचे. जागा दाखवणारा हद्दी दाखवतोय आणि हे विहिरीवर हात धुतायत. लोक हसायचे. "अहो, हा माणूस जागा बघायला आलाय की आंघोळीला?" असं एकाने मला तोंडावर विचारलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी यांनी घेतली ती ही चढावरची खडकाळ जागा, कारण इथल्या पाण्याला फेस भरभरून आला. मी पुष्कळ भांडले. रस्त्याला लागून, दुकान काढता येईल अशी जागा त्याच भावात मिळत होती. पुढे वीजघराने राखेचं तळं बांधलं, ते पाझरलं, आणि उतारावरच्या सगळ्या विहिरी एकेक करून बिघडल्या. रस्त्यालगतची तर पहिली. चढावर असल्यामुळे आमची तेवढी राहिली. हे काही तळं बघायला जगले नाहीत. त्या भांडणात त्यांचं बरोबर होतं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. त्याचं मला वाईट वाटतं. वकीलबाई, हेही राहू दे.

आता बायका. पट्ट्याची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. यार्डातला कोळसा बॉयलरकडे जायचा तो लांबच लांब रबरी पट्ट्यावरून. पट्ट्यावरून कोळसा सांडतो. सांडलेला रोलरखाली साचला की आतल्या आत धुमसतो आणि बघता बघता पट्टा पेट घेतो. म्हणून पट्टा चालू आहे तोवर खाली फावडं घेतलेली बाई पाहिजेच. पाळी बदलताना जाणारीने येणारीच्या तळहातावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "पट्टा तुझा." तिने म्हणायचं, "घेतला." मगच जाणारीने जागा सोडायची. घरी पोर तापाने फणफणलेलं असो की पाहुणे येऊन बसलेले असोत, घेणारी आल्याशिवाय सोडायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. मला माझ्या आधीच्या मुकादम बाईने शिकवला, तिला तिच्या आधीच्या.

वीजघर बंद करायचा दिवस आला तेव्हा सकाळची पाळी आमच्या टोळीची होती. उरलासुरला कोळसा पट्ट्यावर चालू होता. कायम कामगारांचे हिशेब आधीच घरपोच झाले होते. राहिलो आम्ही, ठेकेदाराची माणसं. आमच्यासाठी फाटकावर टेबल मांडलं होतं. जो टेबलाशी येऊन अंगठा देईल तो त्या दिवशी हजर, आणि जो हजर त्याला भरपाई आणि नव्या कामाचं शिक्षण, असं ठरलेलं. भोंगा झाला की टेबल बंद. दुपारच्या पाळीच्या बायका आल्या, त्यांचे अंगठे फाटकावरच घेतले आणि "आता आत काही काम नाही, घरी जा" म्हणून त्यांना परत पाठवलं. आणि आम्ही आत पट्ट्याखाली त्यांची वाट बघत उभ्या.

कोणी सांगितलंच नाही असंही नाही. एक फिटर धावत आला. "अहो, तुम्ही इथे काय करताय? तिकडे नावं घेतायत!" काटकी, म्हणजे आमच्या टोळीतली सगळ्यात बारीक आणि सगळ्यात तिखट बाई, त्याला म्हणाली, "आणि पट्टा कोणाला देऊ? तू घेतोस?" तो म्हणाला, "मला नको, बाई," आणि गेला. मी कोणाला अडवलं नाही. जाऊ का म्हणून कोणी विचारलंही नाही.

भोंगा झाला, पट्टा थांबला. फावडी धुऊन आम्ही फाटकावर गेलो तर टेबल उचलत होते. हजेरीवाल्याने आमच्या नावांपुढे "गैरहजर" लिहून खाली रेघ ओढली होती. मी म्हटलं, "अरे, सकाळी तूच आम्हाला आत सोडलंस ना?"

"सोडलं, मुकादम. पण टेबलावर आला तो हजर. मला वरून तसंच सांगितलंय."

"आणि पट्टा सोडून आलो असतो तर?"

तो टेबलाची घडी घालत राहिला.

जागा सोडली नाही म्हणून आम्ही गैरहजर. पुढे कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, साहेब बदलले, उत्तर बदललं नाही. लोक म्हणतात, तुम्ही वेड्या. म्हणोत बापडे. पट्टा पेटला असता तर फाटकावर अंगठा द्यायला कोण उरलं असतं? हा दोष मी पदरात घेत नाही, टोळीतल्या कोणीही घेऊ नये.

मग कोळशाच्या यार्डावर काचा आल्या. सौर पॅनेल म्हणतात, आम्ही काचा म्हणतो. काम मागायला गेलो तर नव्या कंपनीने जुन्या कामाचा दाखला मागितला, आणि दाखल्यावर आम्ही गैरहजर. बाहेरचा ठेकेदार आला, बाहेरची माणसं आली, पाण्याचे टँकर आले. आम्ही कुंपणाबाहेरून बघत होतो. पण राखेचं तळं अजून तिथेच आहे. वारा सुटला की राख उडते, दव पडलं की ती काचेवर लेपासारखी बसते. कोरड्या कुंच्याने निघत नाही, कुंच्याचं यंत्र आणलं त्यानेही नुसतीच चोळली गेली. पाणीच लागतं. टँकरचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग. राखेची काच धुतली आणि चुन्याची झाली. तेव्हा कंपनीचे साहेब माझ्या पडवीत येऊन बसले.

"मावशी, तुमच्या विहिरीचं पाणी द्याल का?"

"देईन की. पण माझं पाणी एकटं येत नाही. बायका घेऊन येतं."

साहेब हसले. मी हसले नाही. मग त्यांनीही हसू आवरलं.

आज त्या काचा आमच्या टोळीतल्या बायका धुतात. रोज हजेरी लागते, आजारपणाची रजा मिळते, हातमोजे आणि बूट कंपनीचे. काटकी तर आता कोणती काच कमी चालते ते मोबाईलवर बघून सांगते आणि वर भाव खाते. सगळ्या वस्तीचं भलं झालं असं मात्र मी लिहिणार नाही. तो फिटर गाव सोडून गेला. फाटकासमोरचा चहावाला आता दुसऱ्याच्या दुकानात कप धुतो. सगळ्यांना पुरेल एवढं माझ्या विहिरीत नाही. ते पुरवायला ज्यांनी वीजघर बंद केलं त्यांनी विहिरी खणायला हव्या होत्या.

अडचण अशी, की पाण्याचा करार माझ्या नावावर आहे आणि तो वर्षावर्षाचा आहे. मी डोळे मिटले की विहीर ज्याची, करार त्याचा. कंपनीला विहीर विकत हवी आहे. एकदा पाणी त्यांचं झालं की बायका कशाला ठेवतील?

आणि माझा मुलगा त्याच कंपनीत, जमीन खरेदीच्या विभागात आहे. ही गोष्ट मी इथे लिहिते कारण सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. तो वाईट नाही. घरी आला की आधी माझी औषधं तपासतो, मग जेवतो. मागच्या महिन्यात जेवता जेवता म्हणाला, "आई, मी साहेबांना शब्द दिलाय."

"कशाचा?"

"विहिरीचा. माझी बढती त्यावर अडलीय गं."

"शब्द तुझा, विहीर माझी."

"त्या बायका तुला जास्त झाल्या का माझ्यापेक्षा?"

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, इथे देते. नाही झाल्या. तू माझा जीव आहेस. म्हणून तर तुला घर दिलं, ज्याच्यातून तुला कोणी उठवू शकत नाही. त्या बायकांना असं घर नाही, दाखला नाही, आहे ती एवढी विहीर. मला तुझा राग आलेला आहे आणि तो माझ्याबरोबर जाईल, तू मागे ठेवून घेऊ नकोस.

परवा त्याला या कलमाचा कच्चा कागद वाचून दाखवला. म्हणाला, "मग साहेबांना काय सांगू?" म्हटलं, "सांग, म्हातारी ऐकत नाही. खरं तेच आहे." तो थोडा हसला. मी त्याला दुसऱ्यांदा वाढलं, त्याने खाल्लं.

तर व्यवस्था अशी. वर लिहिलेली विहीर आणि सोबतचं सगळं मी पट्ट्यावरच्या बायकांच्या सहकारी संस्थेला देते. नोंदणी झाली आहे, नाव हेच आहे. पट्टा राहिला नाही तरी नाव बदललेलं नाही. अटी: विहीर विकायची नाही, गहाण टाकायची नाही. कंपनीला पाणी द्यायचं ते काम मिळत असेल तरच. उद्या नवं यंत्र आलं तर यंत्राला नाही म्हणू नये, पण ते चालवणारी बाई आपली असली पाहिजे आणि शिकवायचं काम कंपनीचं. रिकाम्या जागा भरताना आधी वस्तीतली ज्यांची कामं गेली त्यांची माणसं. पुरुष चालतील. काच धुता येत नसेल तर शिकवा. संस्थेने यातली अट मोडली तर विहीर गल्लीतल्या सगळ्या घरांची सामाईक, प्यायच्या पाण्यासाठी.

माझ्या मुलाला विहिरीवर हक्क नाही. पाणी भरायला कधीही यावं.

कलम ५. माझी मुकादमकीची शिट्टी काटकीला. माझ्यामागे मुकादम तीच. तिला शिट्टी वाजवायची गरज पडत नाही, तिचा आवाजच पुरतो, पण असू दे. माझं फावडं तिलाच. दांडा मी दोनदा बदलला आहे, पातं मूळचं आहे.

रीतीप्रमाणे सोपवायचं तर घेणारी समोर पाहिजे, आणि मेल्यावर हात लावता येत नाही. म्हणून ते मी आजच केलं. आज सकाळी वकीलबाईंच्या देखत काटकीच्या तळहातावर हात ठेवला आणि म्हटलं, "विहीर तुझी." एरवी हिच्या तोंडाला खळ नसतो, आज नुसता माझा हात धरून बसली. मी म्हटलं, "अगं, घेतेस की मी उभीच राहू?" मग म्हणाली, "घेतली." वकीलबाई म्हणतात याला कायद्यात काही किंमत नाही. नसेल. माझ्या जिवाला स्वस्थता आली.

कलम ६. माझ्यामागे कामाचा खाडा कोणी करू नये. मी गेले तो धुण्याचा दिवस असेल तर आधी काचा, मग मी. ऊन तापल्यावर गरम काचेवर पाणी घातलं तर तडकते, मला उन्हाने काही होणार नाही. रडायचं तिने काम संपल्यावर रडावं.

कलम ७. हजेरीवाला. याला मी काही देत नाही, पण याचं नाव काढल्याशिवाय माझं मृत्युपत्र पुरं व्हायचं नाही. वीजघर बंद झाल्यावर त्यालाही कोणी विचारलं नाही. आता कचेरीच्या दाराशी टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. मी त्याला माफ केलेलं नाही. समोर आला की मान खाली घालतो, मीही त्याला ती वर करायला सांगत नाही.

वकीलबाई म्हणाल्या, दोन साक्षीदार लागतात, ज्यांना यातून काही मिळत नाही असे. मी म्हटलं, एक आमची नर्सबाई आणि दुसरा हजेरीवाला. वकीलबाईंना वाटलं मला भ्रम झाला. भ्रम नाही. साक्षीदाराने काय लिहायचं असतं ते मी त्यांच्याकडून आधी समजून घेतलं होतं. मृत्युपत्र करणारी बाई सही करताना आपल्या समक्ष हजर होती, असं लिहायचं असतं. त्याचं अक्षर चांगलं आहे. ते त्याने आपल्या हाताने लिहावं, एवढीच माझी इच्छा. निरोप धाडला. येणार नाही असं वाटलं होतं. धुतलेला सदरा घालून आला आहे आणि पडवीत उभा आहे. बस म्हटलं तर बसत नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी वाचून घेतलं, मला समजलं, आणि कोणाची भीडभाड न ठेवता खाली सही करते. अंगठा नाही. सही. संस्था काढली तेव्हा शिकले.

सही: (वळणदार नाही, पण पूर्ण)
पट्ट्यावरची मुकादम

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली, दार उघडं.
दिनांक: धुण्याचा दिवस, बायका काम आटपून परतल्यावर. आकड्यातली तारीख वकीलबाईंच्या शिक्क्याखाली आहे.

साक्षीदार पहिली: मी या बाईंची नाडी आणि छाती तपासली. छाती बरी नाही, बुद्धी शाबूत आहे. त्यांनी माझ्यासमोर सही केली.
सही: दवाखान्यातली नर्स

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणारी बाई सही करताना माझ्या समक्ष हजर होती. वीजघर बंद झालं त्या दिवशीही हजर होती. तिची सगळी टोळी हजर होती. मी स्वतः त्यांना सकाळी आत सोडलं होतं.
सही: वीजघराचा माजी हजेरीवाला

वकिलाची नोंद: दुसऱ्या साक्षीदाराने पहिल्या वाक्यापुढचा मजकूर स्वतःहून लिहिला आहे. तो मृत्युपत्राच्या कामाचा नसल्याने खोडावा का, असं मी मृत्युपत्र करणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी कागद हातात घेतला, एकेक अक्षर लावत वाचला, आणि त्याला प्रथमच "बस" न म्हणता "बस रे" म्हणाल्या. तो बसला. मजकूर खोडलेला नाही. या पानाच्या प्रती काढून टोळीतल्या प्रत्येकीला एकेक द्यावी, असं त्यांनी सांगितलं, त्याप्रमाणे दिल्या.